चढावर पिकअप तापते: हेड उतरवण्याआधी एवढं तपासून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० ची डिझेल पिकअप. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणि बर्फ भरून नाशिकला जाते. ठाणे, भिवंडी, शहापूरपर्यंत काटा जागेवर असतो. कसारा घाटात वरच्या वळणांवर तो लालकडे सरकतो आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून पाणी बाहेर येतं. गाडी गार झाल्यावर बघितलं तर रेडिएटर लिटरभर रिकामा, बाटली मात्र भरलेली. आतापर्यंत कॅप बदलून झाली, रेडिएटर फ्लश झाला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) काढून टाकला. त्यानंतर सपाट रस्त्यावर काटा वर येतच नाही, घाटात मात्र पहिल्यासारखंच. ऑइल स्वच्छ आहे, धूर नेहमीचाच. आता मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवू. (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, हेड गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची पातळ सील.)

भाऊ, इतक्यात हेड उतरवू देऊ नका. गॅस्केट गेलेलं असूही शकतं, पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून ते ठरत नाही. आणि ते ठरवायला एक रुपयाही लागत नाही, एक सकाळ लागते. आमच्या धंद्यात गरम होणाऱ्या गाडीवर सर्वात जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने पार्ट बदलण्यात. कॅप झाली, मग थर्मोस्टॅट, मग पंप, मग हेड. गिऱ्हाईक खर्च करून थकतं आणि शेवटी गाडी विकून टाकतं. त्यापेक्षा आधी दोन गोष्टी नीट लिहून काढा: गाडी नेमकी कधी तापते, आणि पाणी नेमकं कुठे जातं. तुमच्या प्रश्नात दोन्हींची अर्धी उत्तरं आलेलीच आहेत.

आधी पाण्याचं बघू, कारण तुम्ही दिलेली सर्वात मोलाची माहिती तीच आहे. रेडिएटरच्या कॅपमध्ये दोन वॉल्व असतात. मोठा वॉल्व आतला दाब धरून ठेवतो. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो उघडतो आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. मधला छोटा वॉल्व उलट्या दिशेचा. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं, ओढ तयार होते, तो छोटा वॉल्व उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. तुमच्या गाडीत पाणी जातं पण परत येत नाही. असं तीनच कारणांनी होतं, आणि तिन्ही ओळखण्याची वेळ एकच: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट सकाळी इंजिन चालू करण्याआधी उघडायचं.

रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी पाइप, हाताने दाबून बघा. तो आत ओढल्यासारखा चपटा झाला असेल तर परतीचा रस्ता बंद आहे. कॅपचा छोटा वॉल्व चिकटलाय किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली किंवा मुडपली आहे. होज नेहमीसारखा मऊ असेल आणि तरी रेडिएटर रिकामा असेल, तर परत येताना पाण्याऐवजी हवा ओढली जातेय. ती नळी रेडिएटरच्या गळ्याशी चिरलेली असते, नाहीतर बाटलीत तिचं टोक पाण्याच्या वर राहिलेलं असतं. जुन्या गाडीची बाटली कधीतरी फुटते, कोणीतरी दुसऱ्या गाडीची बसवतो, आणि नळी दोन बोटं आखूड पडते. मासळीच्या गाड्यांमध्ये हे मी इतक्यांदा बघितलंय की आता सर्वात आधी तीच नळी हातात घेतो. तिसरी शक्यता अशी की रात्रभर गार झालेल्या इंजिनाचा होज सकाळीही टणक लागतो, आणि कॅप सैल केली की फुस्स करून हवा सुटते. गार पाण्याला दाब नसतो. म्हणजे तो दाब सिलिंडरमधून आलेल्या गॅसचा आहे, आणि मग तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मोठी.

मधला प्रकार, म्हणजे होज मऊ पण रेडिएटर रिकामा, निघाला तर घाईने आनंदी होऊ नका, कारण गॅस्केटची गळती अगदी थोडी असेल तर सकाळपर्यंत दाब निघूनही जातो. म्हणून दुसरी तपासणी करा. इंजिन पूर्ण गार असताना फॅन बेल्ट काढा, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, कॅप उघडीच ठेवा, इंजिन चालू करा आणि थोडी रेस द्या. मिनिटभरच, त्याहून जास्त नाही, कारण पाणी फिरत नाहीये. पाणी शांत असल्यामुळे बुडबुडे स्पष्ट दिसतात. एकदोन येऊन थांबले तर ती आत अडकलेली हवा. सतत येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर गॅस. काही गॅरेजांत निळ्या द्रवाची टेस्ट ट्यूब असते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरली की गॅस असल्यास द्रवाचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. तीही करून घ्या. फॅन बेल्टवर पंप चालत नसेल, इंजिनाच्या आतल्या टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्ट काढायचा प्रयोग करू नका, निळ्या द्रवाचीच टेस्ट करा. ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगलं, असं मात्र धरून चालू नका. गॅस पाण्यात जातो तेव्हा ऑइलला कितीतरी दिवस काही होत नाही.

या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या तर हेडचा विषय बंद करा आणि दुसऱ्या प्रश्नाकडे या: गाडी कधी तापते.

उभ्या गाडीत, सिग्नलला, सायनच्या जॅममध्ये तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, तर दोष हवेचा. फॅन, फॅनचा क्लच, शिराउड, नाहीतर रेडिएटरच्या तोंडावर काहीतरी आडवं. सपाट रस्त्यावर वेगात तापते तर पाणी फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून बंद होत आलाय. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकलीय किंवा गॅस्केट. तुमची गाडी यातल्या कशातच सरळ बसत नाही. ती तापते लोड घेऊन चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे इंजिन भरपूर डिझेल जाळत असतं, आणि डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्याला बाहेर काढावा लागतो. त्याच वेळी गाडीचा वेग कमी असल्यामुळे समोरून वारा येत नाही, सगळी हवा फॅनने ओढायची असते. म्हणजे घाट हा एकाच वेळी रेडिएटरची आणि फॅनची परीक्षा घेतो. दोघांत थोडी थोडी कमतरता असली तरी शहरात ती कळत नाही, कसाऱ्यात कळते. थर्मोस्टॅट काढल्यावर सपाटीला काटा वरच येत नाही हेही तेच सांगतं: हलक्या कामाला तुमचा रेडिएटर पुरतो, जड कामाला पुरत नाही.

माझा पहिला संशय फॅनच्या क्लचवर आहे. या पिकअपमध्ये फॅन सरळ पुलीला जोडलेला नसतो, मधे एक गोल डबी असते. तिच्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची पट्टी किंवा स्प्रिंग. रेडिएटरमागची हवा तापली की पट्टी आतला रस्ता उघडते, तेल फिरतं आणि फॅन जोरात धरतो. क्लच चांगला असेल तर घाटात मध्येच मोठा घोंगावणारा आवाज सुरू होतो आणि थोड्या वेळाने थांबतो. तुम्ही इतकी वर्षं ही गाडी चालवताय, म्हणून आठवून सांगा, तो आवाज अलीकडे येतो का? येत नसेल तर क्लच गेला असं मी जवळजवळ खात्रीने सांगेन. इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून फॅन हाताने फिरवा. गार असताना त्याने थोडा विरोध केला पाहिजे. ढकलल्यावर तीनचार फेऱ्या मोकळा फिरला तर आतलं तेल संपलंय. घाटातून आल्यावर इंजिन बंद करून पुन्हा फिरवा, आता तो आधीपेक्षा जड लागला पाहिजे. डबीच्या मधोमध तेलकट काळी रेघ दिसते का, फॅन पुढेमागे हलवल्यावर ढिला लागतो का, तेही बघा. काही ड्रायव्हर बोल्ट मारून क्लच कायमचा जाम करतात. रस्त्यात अडकलात तर घरी यायला ते ठीक, पण तसंच चालवलं तर डिझेल जास्त जातं आणि पंपाच्या बेअरिंगवर भार येतो.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे शिराउड, जागेवर आहे का? पंप किंवा बेल्टचं काम करताना ते काढतात, तुटतं, आणि मग कोणी परत बसवत नाही. शिराउड नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालची गरम हवाच घुसळत बसतो. नवीन मिळत नसेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टवाल्यांकडे शोधा. कडा तुटलेलं नको, अख्खं घ्या.

समोरची बाजूही बघा. दसऱ्याला जाळीवर बांधलेलं झेंडूचं तोरण दिवाळीनंतरही तसंच असतं, त्याच्या बाजूला जादा लाइटची पट्टी, खाली नावाची पाटी. प्रत्येक वस्तू थोडी थोडी हवा अडवते. रेडिएटरच्या पट्ट्या बाहेरून पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरची धार जवळून आणि तिरकी मारू नका, पट्ट्या आडव्या होतात. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा जिकडून आला तिकडून निघेल. धुताना एक बोट पट्ट्यांवरून फिरवा. धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारा वारा लागतो, आणि दहा-बारा वर्षांत पट्ट्या नळ्यांपासून सुटून भुग्यासारख्या गळायला लागतात. पट्टी नळीला चिकटलेली नसेल तर पाण्याची उष्णता हवेत जाणार कशी? अशा रेडिएटरला धुणं, फ्लश करणं, काही उपयोगाचं नाही. कोर, म्हणजे नळ्या-पट्ट्यांचा गाभाच बदलावा लागतो.

आता दुसरा संशय, रेडिएटरच्या आतला. फ्लश झाला असं तुम्ही म्हणता, पण फ्लश म्हणजे पावडर टाकून पाणी फिरवलं असेल तर अर्धवट बंद नळ्या त्याने उघडतीलच असं नाही. पाण्याला मोकळ्या नळीचा रस्ता मिळतो, तो तिथूनच जातो, बंद नळी बंदच राहते. मुंबईत हे पाण्यामुळे फार होतं. नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांचं, त्यात क्षार कमी. पण गॅरेजच्या ड्रममध्ये बहुतेक वेळा टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, किनाऱ्याजवळ ते खारटही असतं. वर्षानुवर्षं तेच टॉपअप केलं की नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या जागेत पांढरट पिवळा थर बसतो. तो उष्णतेला अडवतो.

तपासायला लेझर ठिपक्याचा थर्मामीटर उपयोगी पडतो, आता बऱ्याच गॅरेजांत असतो. गाडी चांगली तापवून या, मग रेडिएटरवर ओळीने मोजत जा. पाणी आत येतं त्या बाजूकडून बाहेर जातं त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा हातभर गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. वरचा आणि खालचा होजही मोजा. इंजिनवर भार असताना दोघांत साधारण ५ ते १० अंशांचा फरक असतो. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम असतील तर रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाहीये. खालचा खूपच गार असेल तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे नळ्या तुंबल्यात, पंपाची पाती झिजलीत किंवा बेल्ट घसरतोय. होज रेस दिल्यावर बघा: खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर तो पंपाच्या ओढीने मिटतोय, आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. चढावर जास्त रेसमध्येच हे होतं, म्हणून उभ्या गाडीत तपासणारा नेहमी फसतो.

नळ्या बंद निघाल्या आणि रेडिएटर पितळी टाक्यांचा असेल तर चांगल्या रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून सळी मारून घ्या, म्हणजे रॉडिंग. प्लास्टिक टाकी आणि अॅल्युमिनियम कोर असेल तर त्याच्या नादाला लागू नका, नवा बसवा.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवाच. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कळकळीने सांगतो, कारण मुंबईत "आपल्याकडे थंडी नाही, कशाला पाहिजे" म्हणून तो सर्रास काढून फेकतात. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, लायनर झिजतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या खालची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो, आणि घाटात पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. म्हणजे गाडी गार राहावी म्हणून केलेलं काम तुमच्या घाटातल्या त्रासात भरच घालत असेल. नवीन आणलात की बसवण्याआधी घरी तपासा. दोऱ्याने टांगून भांड्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, बरोबर थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ च्या आसपास. तिथे तो हलायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. बसवताना छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते.

बदललेल्या कॅपवरचा आकडाही वाचा. जुन्या कॅपवर आणि नवीन कॅपवर तोच दाब हवा, उदाहरणार्थ ०.९ बार. दाब हीच पाण्याची ताकद आहे. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, इगतपुरीच्या उंचीवर ९८ लाच. पण ०.९ बारचा दाब धरला तर ११८ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅप हलकी असेल, किंवा गळ्याच्या कडेला खड्डे पडल्यामुळे रबर बसत नसेल, तर वीस अंशांची ही सगळी मोकळीक हातातून जाते आणि गाडी जेमतेम तापली तरी पाणी फेकते. म्हणून नवीन कॅप बसवल्यानंतर एकदा गळ्याच्या कडेवरून नख फिरवा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. मुंबईला पाणी गोठण्याची भीती नाही, पण गंज, क्षार आणि पंपाची झीज यासाठी कूलंट लागतंच. नुसतं घट्ट कूलंट ओतू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंग बघूनही मिसळू नका, वेगवेगळ्या कंपन्यांचे सारख्या रंगाचे कूलंट आतून वेगळे असतात. भरताना गाडीचं नाक उंचावर घ्या, कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले आणि थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम झाला की मग कॅप लावा.

उरलेल्या कारणांवर जास्त वेळ घालवू नका, पण नजर टाका. एखादं चाक घाटानंतर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतं का, म्हणजे ब्रेक धरून राहिलाय. एअर फिल्टर तुंबलाय का, इंजेक्टर गळतात का, गिअरचा क्लच घसरतो का.

काट्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरं सांगतो. पाणी खूप कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि लालकडे गेलेला काटा अचानक खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी गार झाली, आणि तो तशीच दामटतो. हेड वाकतात ती अशा वेळी. काटा झपकन खाली पडला तर गाडी लगेच बाजूला घ्या.

तोपर्यंत घाटात जावंच लागलं तर माल कमी भरा. काटा वर सरकायला लागला की वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हू देऊ नका, खालचा गिअर घ्या आणि रेस मध्यम ठेवा, म्हणजे पंप आणि फॅन दोन्ही वेगात फिरतात. तरी तापली तर सुरक्षित जागी थांबा. पाणी आत असेल तर दोनतीन मिनिटं आयडलवर चालू ठेवा, पाणी गेलं असेल तर ताबडतोब बंद करा. कॅपला हात लावायची घाई करू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, होज हाताला सोसेल इतका गार झाला की जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. वाफेने तोंड आणि हात भाजलेले ड्रायव्हर मी पाहिलेत. आणि बर्फाचं पाणी तुमच्या गाडीत हाताशी असतं म्हणून विशेष सांगतो, ते तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर कधीही ओतू नका. हेडला तडा जातो. शिवाय ते खारट असतं.

सगळं तपासून गॅस निघालाच, तर हेड उतरवा, पण नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजायला लावा, तड्यासाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. जुन्या गॅस्केटच्या कडेला भोकं किंवा खाचा असतील तर त्या जाडीच्या खुणा आहेत, नवीन गॅस्केट तेवढ्याच खुणांचं आणा. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच), क्रमाने. आणि तेव्हाही फॅन क्लच आणि रेडिएटर तपासल्याशिवाय गाडी घेऊ नका, कारण गॅस्केट बहुधा आधीच्या तापण्यानेच जातं. मूळ दोष राहिला तर नवीनही जाईल.

काम झाल्यावर पहिली खेप थेट कसाऱ्याला नेऊ नका. माल भरून घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर दोनतीन फेऱ्या मारा, वर पोचल्या पोचल्या दोन्ही होजची तापमानं मोजून लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत रेडिएटरची पातळी बघा. ती गळ्यापर्यंत असेल तर मासळी भरा.